राष्ट्रसंत तुकडोजी महाराज

तुकडोजी महाराज (मूळ नाव : माणिक बंडोजी इंगळे, जन्म : ३० एप्रिल १९०९, यावली, जि. अमरावती, निधन : ११ ऑक्टोबर १९६८, गुरुकुंज मोझरी, जि. अमरावती) हे वऱ्हाडातील संतकवी, भजनगायक, खंजिरीवादक आणि समाजप्रबोधक होते. स्वतः रचलेली भजने खंजिरीच्या साथीने गात त्यांनी सुमारे चार दशके खेड्यापाड्यांतून भ्रमण केले. मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत त्यांनी विपुल रचना केली. अमरावती–नागपूर मार्गावरील मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. ‘ग्रामगीता’ हा त्यांचा प्रमुख ग्रंथ होय. भारताचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्यांना ‘राष्ट्रसंत’ असे संबोधिले असे सांगितले जाते आणि याच उपाधीने ते महाराष्ट्रभर ओळखले जातात.

गावातील मंदिरापुरते मर्यादित असलेले भजन त्यांनी ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, अस्पृश्यतानिवारण आणि स्वातंत्र्यलढा यांच्याशी जोडले. त्यामुळे त्यांच्या जीवनाचा अभ्यास संतचरित्र म्हणून करता येतो, तसाच तो एका लोकगायकाच्या व गीतकाराच्या कारकिर्दीचाही करता येतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अंगावर भर दिला आहे.

पार्श्वभूमी

वऱ्हाड या नावाने प्रामुख्याने अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ या जिल्ह्यांचा प्रदेश ओळखला जातो. (वाशीम जिल्हा १९९८ मध्ये अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला.) हा प्रदेश पूर्वी हैदराबादच्या निजामाच्या मालकीचा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तो इंग्रजांच्या मध्य प्रांताला कायमस्वरूपी जोडण्यात आला. पुढे या एकत्रित प्रांतास ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ असे नाव मिळाले. नागपूर ही त्याची राजधानी होती. मराठी बोलणारे जिल्हे आणि जबलपूर, रायपूर, बैतूल यांसारखे हिंदी भाषक जिल्हे एकाच कारभाराखाली असल्याने येथील मनुष्यास दोन्ही भाषा कानावरून परिचित होत्या. तुकडोजी महाराजांच्या द्विभाषिक रचनेचे मूळ या परिस्थितीत सापडते.

वऱ्हाडातील खेड्यांत भजनाची परंपरा जुनी आहे. दिवसभर कपाशी-ज्वारीच्या शेतात राबल्यानंतर रात्री मारुतीच्या पारावर अथवा विठ्ठलमंदिरात भजनी मंडळी जमत. पश्चिम महाराष्ट्रातील वारकरी भजनात टाळ, मृदंग व वीणा यांना जे स्थान आहे, ते विदर्भातील अनेक गावांत खंजिरीला मिळाले. खंजिरी हे लहान चर्मवाद्य होय. लाकडी गोल कड्याच्या एका बाजूस चामडे ताणून बसवितात आणि कड्याला पाडलेल्या खाचांत धातूच्या चकत्या अडकवितात. एका हाताने वाद्य धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी व तळव्याने ते वाजविले जाते. चामड्याचा ठोका आणि चकत्यांचा झणत्कार एकाच वेळी उमटत असल्याने एकटा गायकही ताल व भरणा दोन्ही सांभाळू शकतो. वाद्य स्वस्त, हलके आणि झोळीत मावणारे असल्यामुळे फिरत्या गायकास ते विशेष सोयीचे असते.

प्रारंभिक जीवन

माणिक यांचा जन्म अमरावतीजवळील यावली या गावी गरीब कुटुंबात झाला. वडिलांचे नाव बंडोजी आणि आईचे नाव मंजुळाबाई. आजोळ वरखेड येथे होते. औपचारिक शिक्षण प्राथमिक शाळेच्या पुढे गेले नाही. शाळेपेक्षा भजन, ध्यान आणि वनातील एकांत यांकडे त्यांचा ओढा लहानपणापासून होता.

वरखेड येथील सत्पुरुष आडकोजी महाराज यांना त्यांनी गुरू मानले. ‘तुकड्या’ या नावाविषयी शिष्यपरंपरेत दोन गोष्टी सांगितल्या जातात. भाकरीच्या तुकड्यांवर निर्वाह करणारा म्हणून गुरूंनी त्यांना तुकड्या म्हटले, अशी एक कथा आहे. दुसऱ्या कथेनुसार लहानगा माणिक इतर संतांची पदे गात असे. तेव्हा स्वतःच्या नावाने स्वतःचे पद गा, असे गुरूंनी त्यास सांगितले. या कथांची ऐतिहासिकता कशीही असो, त्यांचा एक परिणाम निश्चित आहे. ‘तुकड्या’ व ‘तुकड्यादास’ ही नावे पुढे त्यांच्या पदांतील नाममुद्रा झाली. ज्या शब्दाने दारिद्र्य व क्षुद्रता सूचित होते, तोच शब्द त्यांनी कवी म्हणून धारण केला आणि अखेरपर्यंत सोडला नाही.

१९२१ मध्ये आडकोजी महाराजांनी देह ठेवला. त्या वेळी माणिक बारा वर्षांचे होते. त्यानंतर घर सोडून त्यांनी रामटेक, सालबर्डी, तसेच चिमूर परिसरातील रामदिघी व गोंदोडा येथील अरण्यांत काही काळ घालविला. या भ्रमंतीत साधू, बैरागी, आदिवासी, शेतकरी अशा नाना प्रकारच्या लोकांशी त्यांचा संबंध आला. त्यांच्या पदांतील शब्दकळेत ग्रंथांतील संस्कृतप्रचुर शब्द आणि रानातले बोलीतले शब्द शेजारी शेजारी नांदतात, त्याचे एक कारण या भ्रमंतीत आहे.

भजनगायक म्हणून उदय

अरण्यवासानंतर तुकडोजी महाराज गावोगावी भजने गाऊ लागले. चिमूर, वर्धा, अमरावती या पट्ट्यात तरुण वयातच त्यांचे नाव पसरले. १९३५ मध्ये सातपुड्याच्या कुशीत असलेल्या सालबर्डी येथे त्यांच्या पुढाकाराने मोठा यज्ञ झाला. त्यास लोटलेल्या जनसमुदायामुळे त्यांची कीर्ती विदर्भाबाहेर गेली. याच वर्षी मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली. अमरावतीपासून सुमारे ३५ किलोमीटरवर असलेले हे ठिकाण पुढे त्यांच्या कार्याचे केंद्र बनले.

१९३६ मध्ये महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते वर्ध्याजवळील आश्रमात गेले. त्या वेळी हे गाव शेगाव म्हणून ओळखले जाई. पुढे त्याचे सेवाग्राम असे नामांतर झाले. तेथे सुमारे महिनाभर त्यांचा मुक्काम होता. सायंप्रार्थनेच्या वेळी त्यांनी गायिलेली भजने ऐकून गांधीजी प्रभावित झाले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. या सहवासानंतर खादी, ग्रामोद्योग, सफाई आणि हरिजनसेवा हे विषय त्यांच्या भजनांत अधिक ठळकपणे येऊ लागले. त्यांच्या कारकिर्दीतील हे महत्त्वाचे वळण मानले जाते. तोपर्यंत त्यांच्या गायनाचा प्रधान सूर वैराग्य व आत्मबोध यांचा होता. येथून पुढे गाव हा त्यांच्या गाण्याचा विषय झाला.

रचना व सादरीकरण

तुकडोजी महाराजांच्या पदांची बांधणी प्रायः साधी असते. आरंभी ध्रुवपद, त्यानंतर तीन ते पाच अंतरे आणि शेवटच्या अंतऱ्यात नाममुद्रा, असा तिचा सर्वसाधारण आराखडा आहे. ध्रुवपद लहान व उच्चारास सोपे असते. मुख्य गायकाने ते एकदा म्हटले की भोवतालच्या मंडळींनी ते उचलावयाचे असते. निरक्षर श्रोत्यालाही दुसऱ्या आवर्तनात ध्रुवपद पाठ होते आणि तो श्रोता न राहता गायक होतो. अंतऱ्यात विचार एकेक पायरी पुढे सरकतो आणि प्रत्येक पायरीनंतर समुदाय पुन्हा मूळ वाक्याकडे येतो. प्रवचनात सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी विसरली जाते. दहा वेळा स्वतःच्या तोंडाने म्हटलेली गोष्ट सहसा विसरली जात नाही. या रचनेचे प्रबोधनातील बळ येथे आहे.

त्यांच्या रचनांत अभंग व ओवी यांसारखे जुने छंद आहेत, तसेच गझल व कव्वाली यांच्या वळणाची हिंदी पदेही आहेत. लोकांच्या ओठांवर असलेल्या चालींचा त्यांनी मोकळेपणाने उपयोग केला. भजनाची चाल आधीच परिचित असली म्हणजे नवा विचार स्वीकारण्यास श्रोत्याला अडचण पडत नाही, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते.

हिंदी पदांची भाषा नागपुरी-वऱ्हाडी कानास सहज समजेल अशी आहे. तिच्यात संस्कृत शब्दांबरोबर उर्दू शब्दही येतात. सर्व धर्मांच्या लोकांस एकच प्रार्थनास्थळ मोकळे असावे, ईश्वर प्रत्येक देशात व प्रत्येक वेषात ओळखावा, अशा आशयाची त्यांची हिंदी पदे उत्तर भारतातही पोहोचली. मराठी पदांत झोपडी, शेत, बैल, चूल, गावची वेस असा परिचित परिसर वारंवार येतो. राजवाड्यातील ऐश्वर्याहून झोपडीतील निर्भय व संतुष्ट जीवनाची थोरवी सांगणारी त्यांची रचना मराठी शालेय पाठ्यपुस्तकांत समाविष्ट झाल्याने अनेक पिढ्यांस परिचित आहे.

सादरीकरणात खंजिरी हे त्यांचे ओळखचिन्ह होते. बैठक मारून, खंजिरी खांद्याच्या उंचीपर्यंत उचलून ते गात. संथ लयीत आरंभ करून हळूहळू लय वाढवीत नेणे आणि ऐन भरात वादन थांबवून दोन वाक्ये बोलणे, ही खंजिरी भजनाची प्रभावी रीत आहे. या विरामात गायक पदाचा अर्थ गावच्या एखाद्या उदाहरणाशी जोडून दाखवितो आणि पुन्हा ताल धरतो. त्यामुळे भजन, प्रवचन आणि सभा या तिन्ही गोष्टी एकाच बैठकीत साधतात.

भजनांतील विषय

तुकडोजी महाराजांच्या भजनांत ईश्वरभक्ती, गुरुमहिमा व नामस्मरण हे परंपरागत विषय आहेतच. त्यांच्या जोडीला सामाजिक विषयांची मोठी यादी येते : दारू, जुगार, हुंडा, लग्नकार्यातील उधळपट्टी, देवापुढील पशुहत्या, भूतबाधा व मंत्रतंत्रावरील विश्वास, अस्पृश्यता, सावकारी कर्ज, गावातील भाऊबंदकी, अस्वच्छता आणि आळस. अंतःकरणात भाव नसता देवाकडे मागणे मागणाऱ्या भक्ताची थट्टा करणारी त्यांची पदे विशेष लोकप्रिय आहेत. भक्तीच्या नावाखाली चालणाऱ्या व्यवहारावर भजनातूनच टीका करणे हे त्यांच्या लेखनाचे वैशिष्ट्य होय.

ही टीका ऐकणारा समाज आणि ज्यांच्यावर टीका होत होती तो समाज एकच होता. मंदिरात बसून मंदिरातील भेदाभेदाविषयी गाणे, कर्ज काढून लग्न करणाऱ्या शेतकऱ्यापुढे लग्नखर्चाविषयी गाणे, यांत गायकास श्रोत्यांची नाराजी ओढवून घेण्याचा धोका असतो. तुकडोजी महाराजांनी हा धोका विनोद, आपलेपणा आणि स्वतःला ‘तुकड्या’ म्हणविण्यातील नम्रता यांच्या साहाय्याने पेलला. दोष दाखविताना ते स्वतःस वेगळे ठेवीत नसत. ‘आपण’ या शब्दात गायक व श्रोते दोघेही असत.

१९४२ चे आंदोलन व तुरुंगवास

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ आंदोलनाचा वणवा विदर्भात पसरला. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, वर्धा जिल्ह्यातील आष्टी व तत्कालीन चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे जमावाने सरकारी ठाण्यांवर चाल केली. गोळीबार झाला, आंदोलक हुतात्मे झाले, अधिकारी व पोलीसही मारले गेले. त्यानंतर चिमूर येथे सरकारने कठोर दडपशाही केली. अमरावती जिल्ह्यातील यावली व बेनोडा ही गावेही या आंदोलनात होती. त्या स्मृतीने ती आज ‘यावली शहीद’ व ‘बेनोडा शहीद’ या नावांनी ओळखली जातात.

या परिसरात तुकडोजी महाराजांचा वावर अनेक वर्षांचा होता आणि त्यांची राष्ट्रीय आशयाची भजने तेथील तरुणांस पाठ होती. भक्तांना सैनिक आणि रस्त्यावरील दगडाला शस्त्र कल्पिणारे त्यांचे एक हिंदी पद या काळाशी निगडित आहे. लोकांस चिथावणी देणारा गायक म्हणून सरकारची दृष्टी त्यांच्यावर वळली. ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस चांदा (चंद्रपूर) येथे त्यांना अटक झाली. नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले आणि डिसेंबर १९४२ मध्ये त्यांची सुटका झाली.

भजनाच्या इतिहासात या घटनेस वेगळे महत्त्व आहे. भजन हा निरुपद्रवी धार्मिक प्रकार आहे, असा राज्यकर्त्यांचा समज असल्याने सभाबंदीच्या काळातही भजनाची बैठक भरू शके. वर्तमानपत्र वाचू न शकणाऱ्या खेडुतापर्यंत देशातील घडामोडी या बैठकीतून पोहोचत. महाराजांच्या अटकेने हा समज दूर झाला. खंजिरीवर गायिलेले पद हे राजकीय भाषणाइतकेच परिणामकारक असू शकते, हे शासनानेच आपल्या कृतीने मान्य केले.

गुरुदेव सेवा मंडळ व सामुदायिक प्रार्थना

सुटकेनंतर तुकडोजी महाराजांनी संघटनेकडे अधिक लक्ष दिले. एका गायकाच्या वाणीवर अवलंबून असलेले कार्य त्या गायकाबरोबर संपते. ते गावाच्या नित्यक्रमात रुजले तरच टिकते, हा विचार त्यामागे होता. अखिल भारतीय श्री गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगावी निघाल्या. १९४३ मध्ये ‘श्रीगुरुदेव’ हे मासिक सुरू झाले. त्यातून महाराजांची पदे व लेख छापील स्वरूपात गावातील मंडळांपर्यंत पोहोचू लागले.

मंडळाच्या कार्यक्रमाचा गाभा म्हणजे पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना. गावातील सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांनी एका ओळीत, एका जागी बसून, एका सुरात प्रार्थना म्हणावी, अशी तिची रीत आहे. प्रार्थनेत विशिष्ट देवतेची मूर्ती अनिवार्य नसते. ज्या काळात अनेक गावांत पाणवठा व मंदिर जातीनुसार विभागलेले होते, त्या काळात रोज संध्याकाळी एकत्र बसण्याचा हा साधा नियम गावाच्या रचनेला धक्का देणारा होता. अस्पृश्यतेविरुद्धचे पद गाणे एक आणि ते शेजारी बसून गाणे दुसरे. सामुदायिक प्रार्थनेने या दोहोंतील अंतर कमी करण्याचा प्रयत्न केला.

ग्रामगीता व इतर ग्रंथ

१९५५ मध्ये ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली. हा ओवीबद्ध ग्रंथ असून त्यात ४१ अध्याय व ४,६७५ ओव्या आहेत. ज्ञानेश्वरीपासून चालत आलेला ओवी हा छंद वऱ्हाडातील श्रोत्यास पोथीश्रवणामुळे परिचित होता. त्या छंदात महाराजांनी ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, शिक्षण, श्रम, महिलांची उन्नती, विवाहपद्धती, सण-उत्सव, यात्रा, गोपालन असे विषय मांडले. देवाच्या जागी ग्रामदेवता म्हणजे गाव हेच आराध्य कल्पिले आहे.

गायक म्हणून त्यांच्या कारकिर्दीच्या दृष्टीने ग्रामगीतेतील भजनाच्या प्रभावाविषयीचे विवेचन लक्षणीय आहे. भजनाने मनुष्य बदलतो, हा विश्वास तेथे व्यक्त होतो. त्याबरोबरच केवळ टाळ्या पिटून घरी जाणाऱ्या, आचरणात काहीही न आणणाऱ्या भजनी मंडळींस कानपिचक्याही मिळतात. आपल्याच माध्यमाच्या मर्यादेची इतकी स्पष्ट जाणीव लोकगायकांत क्वचित आढळते.

‘आनंदामृत’, ‘अनुभव प्रकाश’ आणि हिंदी पदांचा ‘लहर की बरखा’ हे त्यांचे अन्य ग्रंथ होत. त्यांच्या एकूण पदांची संख्या काही हजारांत जाते.

देशव्यापी व विदेशातील कार्य

स्वातंत्र्यानंतर तुकडोजी महाराजांचे भ्रमण भारतभर झाले. आचार्य विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीस त्यांनी विदर्भात साहाय्य केले. १९५५ मध्ये जपानमध्ये भरलेल्या विश्वधर्म व विश्वशांती परिषदेस ते उपस्थित होते. तेथेही त्यांनी खंजिरीच्या साथीने हिंदी भजन गायिले. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या भारत साधू समाजाचे ते अध्यक्ष झाले. १९६२ च्या चीन युद्धाच्या व १९६५ च्या पाकिस्तान युद्धाच्या वेळी सीमेवर जाऊन त्यांनी जवानांपुढे वीररसाची पदे गायिली. १९६४ मध्ये विश्व हिंदू परिषदेच्या स्थापनेतही त्यांचा सहभाग होता.

गांधीविचार, सर्वोदय, साधुसंघटन आणि हिंदू संघटन अशा भिन्न प्रवाहांशी त्यांचा संबंध आल्याने त्यांच्या कार्याचा अर्थ वेगवेगळ्या पक्षांनी वेगवेगळा लावला आहे. सर्वधर्मसमभाव सांगणारी त्यांची पदे व प्रार्थना मात्र या सर्व काळात तीच राहिली.

गाडगे महाराजांशी तुलना

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) हे तुकडोजी महाराजांचे ज्येष्ठ समकालीन. दोघांचेही औपचारिक शिक्षण नगण्य, दोघेही फिरते, दोघांचाही भर स्वच्छता, व्यसनमुक्ती व अंधश्रद्धानिर्मूलन यांवर होता. माध्यमात मात्र फरक आहे. गाडगे महाराजांचे कीर्तन प्रश्नोत्तरांचे होते. श्रोत्यांस प्रश्न विचारून, त्यांच्याच उत्तरातून ते विचार उलगडीत. त्यांनी आपले शब्द लिहून ठेवले नाहीत, त्यामुळे ते कीर्तन प्रत्यक्ष ऐकणाऱ्यांच्या आठवणींतून व टिपणांतून पुढे आले. तुकडोजी महाराजांचे माध्यम छंदोबद्ध पद होते. पद पाठ करता येते, छापता येते आणि दुसऱ्याच्या गळ्यातून तसेच्या तसे पुन्हा गाता येते. त्यामुळे त्यांच्या मागे गायकांची परंपरा निर्माण होऊ शकली.

वाङ्मयीन मूल्यमापन

तुकडोजी महाराजांच्या रचना मुख्यतः गाण्यासाठी आहेत. कागदावर वाचताना काही पदे उपदेशपर व पुनरुक्तीची वाटतात. काव्यगुणांपेक्षा बोधास अधिक जागा मिळाल्याचे जाणवते. मराठी साहित्याच्या नागर इतिहासलेखनात त्यांना मर्यादित स्थान मिळण्याचे हे एक कारण असावे. तथापि ध्रुवपदाची पुनरुक्ती हा गायनप्रकारात दोष नसून समुदायास सहभागी करून घेण्याचे साधन आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. अशा रचनेचे मोजमाप तिच्या मुद्रित रूपावरून करण्यापेक्षा ती किती गळ्यांनी उचलली यावरून करणे अधिक न्याय्य ठरते.

वारसा

नागपूर विद्यापीठास (स्थापना १९२३) २००५ मध्ये ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ’ असे नाव देण्यात आले. त्याच वर्षी अमरावती विद्यापीठास (स्थापना १९८३) संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या वऱ्हाडातील दोन लोकशिक्षकांची नावे विदर्भातील दोन विद्यापीठांनी धारण केली आहेत.

विदर्भात खंजिरी भजनाची मंडळे आजही कार्यरत आहेत. त्यांत महिलांच्या मंडळांचा वाटा मोठा आहे. खंजिरी भजन स्पर्धा ठिकठिकाणी भरतात. अकोला जिल्ह्यातील अकोट येथील सत्यपाल महाराज यांनी एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजविण्याची ‘सप्तखंजिरी’ शैली लोकप्रिय केली. तुकडोजी महाराज व गाडगे महाराज यांच्या विचारांवर आधारलेले त्यांचे प्रबोधनपर कार्यक्रम महाराष्ट्रभर झाले आहेत. व्यसन, हुंडा, कर्ज आणि अंधश्रद्धा हे जुने विषय या कार्यक्रमांत नव्या उदाहरणांसह येतात. १९९० नंतरच्या काळात अमरावती विभागातील शेतकरी आत्महत्यांनी हे विषय पुन्हा तातडीचे केले. लग्नखर्च व सावकारी कर्ज यांविरुद्ध सात-आठ दशकांपूर्वी रचलेली पदे आजच्या श्रोत्यास जुनी वाटत नाहीत, हे त्या पदांचे यश आहे आणि समाजाची अपूर्ण राहिलेली जबाबदारीही त्यातून दिसते.

निधन व पुण्यस्मरण

अखेरच्या काळात तुकडोजी महाराजांना कर्करोगाने ग्रासले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, आश्विन वद्य पंचमीस, गुरुकुंज मोझरी येथे त्यांचे निधन झाले. आश्रमासमोर त्यांची समाधी आहे.

दरवर्षी आश्विन वद्य पंचमीस तेथे पुण्यतिथी महोत्सव होतो. विदर्भातून, तसेच लगतच्या मध्य प्रदेशातून भजनी मंडळे पालख्या व दिंड्या घेऊन येतात. त्या काळात गुरुकुंज परिसर खंजिरीच्या नादाने भरून गेलेला असतो. पंचमीच्या दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, म्हणजे महाराजांच्या निर्वाणाच्या क्षणी, सर्व खंजिऱ्या एकाच वेळी थांबतात. जमलेला विशाल समुदाय जागच्या जागी उभा राहून मौन श्रद्धांजली वाहतो. मौन संपताच सामुदायिक प्रार्थना सुरू होते.